फोटो हातात आला की आधी उलटा का करतात?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथल्या एका यार्ड सेलमध्ये जुन्या फोटोंचा गठ्ठा घेतला. त्यात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एका बेसबॉल खेळाडूचा फोटो निघाला. खाली स्टुडिओचं नाव आणि गाव आहे, खेळाडूचं नाव मात्र कुठेच नाही. असे फोटो जमवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना दाखवला, तर त्यांनी चेहऱ्याकडे नीट पाहिलंही नाही. आधी फोटो उलटा केला आणि मागची बाजू भिंगाखाली धरली. म्हणाले, "फोटोग्राफर कळला की अर्धं काम झालं." मला हे चमत्कारिक वाटलं. खेळाडू सोडून फोटोग्राफरच्या मागे का लागायचं? आणि सव्वाशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी गावात दुकान चालवणाऱ्या माणसाची माहिती मिळते तरी कशी?
एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्या परिचितांनी केलं ते अगदी रीतसर केलं. चेहऱ्यापासून सुरुवात केली की माणूस हमखास फसतो. १८८०च्या दशकातले बेसबॉल खेळाडू पाहा. निम्म्यांना सारख्याच झुपकेदार मिशा, सारखाच भांग, सारखाच अंगाबरोबर बसणारा लोकरी सदरा. 'हा अमुक नामवंत खेळाडूसारखा दिसतो' म्हणून मोठ्या किमतीला विकायला काढलेले आणि पुढे भलत्याच कुणाचे तरी निघालेले फोटो या छंदात नेहमीचे आहेत.

फोटोग्राफरचं तसं नसतं. तो दुकानदार होता. त्याने जागा भाड्याने घेतली, पाटी लावली, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, धंदा वाढला तेव्हा मोठ्या रस्त्यावर गेला आणि बसला तेव्हा दुकान विकलं. यातल्या प्रत्येक गोष्टीची कुठे ना कुठे नोंद झाली. म्हणून शोधाचा क्रम उलटा लागतो. फोटोग्राफरवरून गाव, पत्त्यावरून वर्षं, गाव आणि वर्षं जुळली की संघ, आणि संघ कळला की त्या मोसमातल्या मोजक्या खेळाडूंमधून चेहरा. मोजक्या नावांतून चेहरा निवडणं आणि सगळ्या अमेरिकेतून तो शोधणं यात किती फरक आहे, ते वेगळं सांगायला नको.

तुमच्या घरापासून होबोकेन काही फार लांब नाही. १९ जून १८४६ रोजी तिथल्या एलिशियन फील्ड्स मैदानावर निकरबॉकर क्लबचा जो सामना झाला, तो लेखी नियमांनी खेळल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या सामन्यांपैकी एक मानतात. त्याचा फोटो नाही, आणि असता तरी त्यात खेळ दिसला नसता. फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. धावता माणूस टिपण्याइतकी तेज प्लेटच नव्हती. पुढे १८५०च्या दशकात ओल्या कोलोडियनची काचेची प्लेट आली. ती फोटो काढण्याच्या जरा आधी अंधाऱ्या खोलीत तयार करायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. प्रकाशही काही सेकंद द्यावा लागे. त्यामुळे त्या काळातला बेसबॉलचा फोटो म्हणजे स्टुडिओत किंवा मैदानाच्या कडेला अंग न हलवता उभे राहिलेले खेळाडू. आणि तो काढणारा बेसबॉलचा फोटोग्राफर नसेच. नवरा-नवरी, बाळं, नगरपालिकेतले मानकरी आणि अधूनमधून एखादा संघ, असा त्याचा धंदा.

ब्रुकलिनचा चार्ल्स विल्यमसन त्यांतलाच. १८६५ मध्ये त्याने ब्रुकलिन अटलांटिक्सचा फोटो काढला. १८६४ आणि १८६५ या दोन्ही मोसमांत हा संघ एकही सामना हरला नव्हता. अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या पातळ कागदावर छाप काढून तो अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा, ही तेव्हाची चालती पद्धत. या कार्डांना 'कार्त द व्हिझीत' म्हणत. विल्यमसनचं अटलांटिक्सचं कार्ड वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तसंच एक कार्ड मेन राज्यातल्या बेलीव्हिल गावी एका माणसाला यार्ड सेलमध्ये घेतलेल्या अल्बममध्ये मिळालं. कोका-कोलाच्या जुन्या बाटल्या, दोन ओकच्या खुर्च्या आणि हा अल्बम, सगळं मिळून त्याने १०० डॉलरही मोजले नव्हते. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या कार्डाला लिलावात ९२,००० डॉलर आले. तुमच्या गठ्ठ्यातही असंच काही असेल अशी आशा लावायला मी हे सांगत नाही. कार्ड कोणी आणि केव्हा काढलं हे कळलं की त्याची ओळख पटते, हे सांगायचं आहे.

मागच्या बाजूचं महत्त्व कळायला त्या काळातलं एखादं कार्ड हातात घ्यायला हवं. उलटं केलं की मधोमध स्टुडिओचं नाव, रस्ता, घरनंबर छापलेला असतो, आणि कधी त्याच्या खाली टपालाच्या तिकिटाएवढं एक निळं, हिरवं किंवा नारिंगी तिकीट चिकटवलेलं असतं. हे टपालाचं नाही, महसुलाचं. यादवी युद्धाचा खर्च भागवायला अमेरिकन सरकारने १ सप्टेंबर १८६४ पासून फोटोंवर कर बसवला आणि १ ऑगस्ट १८६६ ला उठवला. फोटोच्या किमतीनुसार एक, दोन, तीन सेंटांचं तिकीट मागे लावायचं, आणि ते पुन्हा वापरलं जाऊ नये म्हणून फोटोग्राफरने त्यावर आपली आद्याक्षरं आणि तारीख टाकायची, असा नियम. पुष्कळ जण पेनाने नुसती फुली मारून मोकळे होत. पण ज्याने नियम पाळला त्याची आद्याक्षरं आजही वाचता येतात, शाई तपकिरी पडलेली असली तरी. तिकीट असलेलं कार्ड त्या २३ महिन्यांत विकलं गेलं, एवढं पक्कं. विकलं गेलं, असं मी मुद्दाम म्हणतो. निगेटिव्ह त्याआधीची असू शकते आणि कर भरला जाई तो विक्रीच्या वेळी. जुन्या फोटोंच्या बाबतीत 'केव्हा काढला' आणि 'केव्हा छापला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि सगळे घोळ ते एकच समजण्यातून होतात.

तिकीट नसेल तर पुठ्ठा बोलतो. १८६०च्या दशकातला पुठ्ठा पातळ आणि कोपरे काटकोनात, पुढच्या दशकात तो जाड झाला आणि कोपरे गोल झाले. १८६६ पासून मोठं कार्ड निघालं, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं. त्याला कॅबिनेट कार्ड म्हणतात. तुमच्या वर्णनावरून तुमचा फोटो त्या जातीचा वाटतो. पुठ्ठा गडद रंगाचा आणि कडेला सोनेरी असेल तर १८८०चं दशक धरून चालायला हरकत नाही.

पण पुठ्ठ्यावरून मिळतो तो अंदाज. नेमकेपणा मिळतो पत्त्यावरून, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. अमेरिकेतल्या शहरांमध्ये दरवर्षी सिटी डिरेक्टरी निघे. नाव, धंदा, दुकानाचा पत्ता, घराचा पत्ता. फोटोग्राफरांचा शोध घेणारा माणूस एकेका शहराची एकेका वर्षाची डिरेक्टरी घेऊन बसतो आणि टिपणं काढतो : अमुक या वर्षी या रस्त्यावर, पुढच्या वर्षी भागीदाराबरोबर, त्याच्या पुढच्या वर्षी भागीदाराचं नाव गायब, मग चार घरं पलीकडे. ही टिपणं जमली की तुमच्या कार्डावरचा घरनंबर आपोआप दोन-तीन वर्षांच्या चौकटीत येऊन बसतो. जनगणनेच्या नोंदींतून जन्मसाल आणि मूळ गाव मिळतं. मात्र १८९०च्या जनगणनेची कागदपत्रं १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत बहुतेक सगळी गेली, आणि बेसबॉलच्या फोटोंचा बहर नेमका त्याच सुमाराचा. म्हणून त्या वर्षांसाठी डिरेक्टरीला पर्याय नाही.

हे काम आयुष्यभर चिकाटीने करणारी माणसं होऊन गेली. जॉन क्रेग यांनी अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या फोटोग्राफरांची नोंदवही तयार केली, तीवर आजही सगळे विसंबतात. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१६ मध्ये जगभरातल्या लाखाहून जास्त फोटोग्राफरांची सूची नकाशासकट सर्वांना खुली केली. बेसबॉलपुरतं बोलायचं तर १९७१ मध्ये कूपर्सटाउनला स्थापन झालेल्या सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्चची चित्रेतिहास समिती आहे. तिचे सदस्य फोटोतला माणूस, मैदान आणि दिवस ओळखण्याचं काम करत असतात, आणि तेही हौसेने. माझ्या मते या छंदातली सर्वांत मोलाची माणसं हीच.

एक धोका मात्र डिरेक्टरीतूनही सुटतो. दुकान विकलं जाई तेव्हा निगेटिव्हही विकल्या जात. नवा मालक जुन्या निगेटिव्हवरून छाप काढून आपल्या नावाच्या पुठ्ठ्यावर लावी. म्हणजे पुठ्ठ्यावर नाव एकाचं आणि फोटो काढलेला दुसऱ्याने. ज्या सूचीत 'कोणाकडून कोणाकडे' याचीही नोंद आहे, तीच सूची खरी कामाची.

आणि पुष्कळदा नाव मुळात छापलेलंच नसतं. १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने 'ओल्ड जज' सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची चिमुकली कार्डं घालायला सुरुवात केली. ही छापील चित्रं नव्हेत. प्रत्येक कार्डावर खरा फोटो चिकटवलेला आहे. ५०० हून जास्त खेळाडू आणि एकेकाच्या कितीतरी मुद्रा. एखादं कार्ड भिंगाखाली धरा. मागे रंगवलेला पडदा, खेळाडू दोन्ही हात पुढे करून झेल घेण्याच्या पवित्र्यात, आणि त्याच्या तळव्यांपासून वीतभर अंतरावर चेंडू हवेत. मग त्या चेंडूच्या वर एक बारीक रेघ दिसते. छताला टांगलेला दोरा! खेळाडूची नजर चेंडूवर आहे, पण चेंडू कुठे येतही नाही आणि जातही नाही. कार्डावर सिगारेटचं नाव आहे, हक्क राखून ठेवल्याची ओळ आहे, ती कंपनीच्या नावाने. दोरा ज्याने बांधला त्याचं नाव नाही.

यांतले बरेच फोटो ब्रुकलिनच्या जोसेफ हॉलने काढले, हे आज आपल्याला माहीत आहे. हॉलने १८८८ मध्ये संघांचे मोठ्या आकाराचे फोटोही काढले आणि त्यांवर त्याचं नाव आहे. निनावी फोटोचा कर्ता ठरवायला संशोधक अशा नावानिशी असलेल्या फोटोंचाच आधार घेतात. पडद्यावरची झाडं, त्यावरची सुरकुती, पायाखालचं कापड, कडेची खुर्ची, हे सगळं ताडून पाहतात. स्टुडिओचा पडदा वर्षानुवर्षं तोच राही, त्यामुळे तो सहीइतकाच भरवशाचा. तुमच्या फोटोतही खेळाडूइतकंच त्याच्या मागे काय आहे ते पाहा.

याच काळात फिलाडेल्फियात एडवर्ड मायब्रिज खरोखर हलत्या माणसाचे फोटो काढत होता. १८८४-८५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने कॅमेऱ्यांची रांग लावून चेंडू फेकणारे, बॅट फिरवणारे, झेल घेणारे तरुण टिपले. १८८७ मध्ये त्याच्या ७८१ प्लेटा प्रसिद्ध झाल्या, त्यांत बेसबॉलच्या आहेत आणि क्रिकेटच्याही. तिथे फोटोग्राफरचं नाव जगाला ठाऊक आणि खेळाडू जवळपास अनोळखी. सिगारेटच्या कार्डांत नेमकं उलट.

बोस्टनच्या कार्ल हॉर्नरची कथा मला सर्वांत जास्त खुपते. हा मूळचा स्वीडनचा, बोस्टनमध्ये त्याचा स्टुडिओ. बाहेरगावचे संघ सामन्यांसाठी बोस्टनला येत तेव्हा खेळाडू त्याच्याकडे फोटो काढून घेत. साधी पार्श्वभूमी, छातीपर्यंतचा फोटो, मऊ उजेड. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात जी रंगीत कार्डं काढली, त्यांतल्या कितीतरी चित्रांना आधार हॉर्नरच्या फोटोंचा. होनस वॅगनरचं कार्डही त्यांत आलं. जगातल्या सर्वांत महागड्या बेसबॉल कार्डांपैकी हे एक. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. त्या कार्डाबद्दल ऐकलेला माणूस जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात भेटतो. ज्याच्या कॅमेऱ्यातून तो चेहरा आला त्याचं नाव विचारलं तर संग्राहकही क्षणभर थांबतात. हॉर्नरच्या मूळ कॅबिनेट फोटोवर पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात शाईशिवाय दाबून उठवलेलं त्याचं नाव असतं. उजेड तिरका धरल्याशिवाय ते नीट दिसत नाही.

विसाव्या शतकात चित्र पालटलं. सुक्या प्लेटा आधीच आल्या होत्या, त्यात सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडझाप करणारे ग्राफ्लेक्स कॅमेरे आले, आणि फोटोग्राफर स्टुडिओ सोडून थेट मैदानात जाऊन उभा राहिला. आता नाव पुठ्ठ्यावर छापलेलं नसे, प्रिंटच्या पाठीवर रबरी शिक्का असे. जॉर्ज ग्रँथम बेन याने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला वृत्तछायाचित्रांची संस्था काढली. त्याच्या सुमारे ४०,००० काचेच्या निगेटिव्ह १९४८ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. काचेवरच हाताने खेळाडूचं नाव आणि संघ लिहिलेला, म्हणून छापात ती अक्षरं पांढरी उमटतात. स्पेलिंगं पुष्कळदा चुकलेली, क्वचित माणूसही चुकलेला. २००८ मध्ये लायब्ररीने या प्लेटा लोकांसमोर ठेवल्या, तेव्हापासून हौशी अभ्यासक त्या दुरुस्त करत आहेत. पॉल थॉम्प्सनने आपले खेळाडूंचे फोटो कॉपीराइटसाठी नोंदवले, त्यामुळे त्याच्याबाबत साल शोधायची कटकट कमी. क्लीव्हलँडच्या लुई व्हॅन ओयेनचाही चाहता वर्ग मोठा आहे.

पण या पिढीतला ज्याच्यावर पानंच्या पानं लिहावीत असा माणूस चार्ल्स कॉनलन. तो न्यूयॉर्कच्या एका दैनिकात मुद्रितशोधक होता. टेलिग्राम हे त्या पत्राचं नाव. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढायच्या, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. फोटोग्राफी हौसेची. क्रीडा संपादक जॉन फॉस्टर यांनी सुचवलं म्हणून १९०४ च्या सुमारास तो कॅमेरा घेऊन बेसबॉलच्या मैदानात गेला आणि पुढे जवळपास चार दशकं जात राहिला. फोटोग्राफरना तेव्हा मैदानाच्या आतच उभं राहू देत. कॉनलन तिसऱ्या बेसच्या इतका जवळ असे की खेळाडूच्या तोंडावरची धूळ त्याच्या कॅमेऱ्यावर पडावी. त्याने खेळाडूंचे चेहरे काढले तसे नुसते हातही काढले, चेंडू बोटांत कसा धरलाय हे दाखवणारे. एकाच माणसाला तो वर्षानुवर्षं काढत गेला. विशीतला पोरगेला चेहरा आणि चाळिशीतला सुरकुतलेला चेहरा शेजारी ठेवले की त्या माणसाची सगळी कारकीर्द समोर उभी राहते.

त्याचा टाय कॉबचा फोटो तुम्ही पाहिला असेल. न्यूयॉर्कच्या हिलटॉप पार्कवर कॉब दात आवळून तिसऱ्या बेसवर घसरत येतोय, जमिनीतून धुळीचा लोट उठलाय आणि बेसवरचा जिमी ऑस्टिन उडून तोल जात असलेला. पुढे कॉनलनने स्वतःच सांगितलं की त्या क्षणी त्याला ऑस्टिनची काळजी वाटली, बटण दाबलं की नाही हेही आठवेना. संशय नको म्हणून त्याने प्लेट बदलली. नंतर प्लेटा धुतल्या तेव्हा चित्र निघालं. कित्येक वर्षं तो फोटो १९०९चा म्हणून छापला जायचा, संशोधकांनी तो १९१०चा ठरवला. बेसबॉलमधला बहुधा सर्वांत गाजलेला फोटो, आणि त्याचं सालसुद्धा कुणाला तरी बसून तपासावं लागलं.

कॉनलनच्या सुमारे ८,००० निगेटिव्ह उरल्या. त्या 'स्पोर्टिंग न्यूज' या नियतकालिकाकडे पडून होत्या. नील आणि कॉन्स्टन्स मॅककेब यांनी त्यांतून निवड करून १९९३ मध्ये पुस्तक काढलं, आणि कॉनलन मृत्यूनंतर ४८ वर्षांनी घराघरांत पोहोचला. २०१६ मध्ये त्यांतल्या साडेसात हजारांच्या आसपास निगेटिव्ह लिलावात जवळजवळ १८ लाख डॉलरला गेल्या. या दोन घटनांचा संबंध उघड आहे. आधी कुणीतरी त्या माणसाची नीट नोंद केली, बाजार मागाहून आला.

बाजाराची भाषाही एकदा समजून घ्या, म्हणजे कुणी फसवणार नाही. २००५ मध्ये मार्शल फोगेल, खायबर ओसर आणि हेन्री यी यांनी बेसबॉलच्या फोटोंवर एक पुस्तक काढलं. त्यातली प्रतवारी आज लिलावात सर्रास वापरतात. मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेला प्रिंट तो पहिला प्रकार. निगेटिव्ह मूळच, पण प्रिंट उशिरा काढलेला, तो दुसरा. नकलेच्या निगेटिव्हवरून किंवा तारेने आलेला पण त्याच काळातला, तो तिसरा. नकलेवरून आणि उशिरा, तो चौथा. एकाच चित्राच्या पहिल्या आणि चौथ्या प्रकारच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. आणि प्रकार कसा ठरतो? पाठीवरच्या शिक्क्यावरून, म्हणजे पुन्हा फोटोग्राफरच्या चरित्रावरून. असोसिएटेड प्रेसची तारेने फोटो पाठवण्याची सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू झाली. तेव्हा त्या सेवेचा शिक्का असलेला प्रिंट १९२७ मध्ये छापलेला असूच शकत नाही, चित्रातला बेब रूथ कितीही तरुण दिसो.

शिकागोच्या जॉर्ज बर्कचं उदाहरण घ्या. १९२९ पासून त्याने तिथल्या संघांचे फोटो काढले. हाताखाली जॉर्ज ब्रेस नावाचा तरुण होता. बर्क १९५१ मध्ये वारला, ब्रेसने काम तसंच पुढे चालू ठेवलं आणि जुन्या निगेटिव्हवरून प्रिंट देत राहिला. त्यामुळे त्याच चेहऱ्याचे, त्याच निगेटिव्हचे, पण वीस-तीस वर्षांच्या अंतराने काढलेले प्रिंट बाजारात फिरतात. कुठल्या वर्षी कुठला शिक्का वापरात होता याची यादी जवळ नसेल तर वरवर पाहून फरक कळणं कठीण.

आता खोटेपणाबद्दल. बनावट माल ओळखायच्या दोन सोप्या कसोट्या घरच्या घरी करता येतात. भिंगाखाली चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटो नव्हे, छापखान्यातली प्रत. दुसरी, अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली कागद धरायचा. साधारण १९५०च्या दशकापासून फोटोच्या कागदात उजळपणा आणणारी रसायनं घालू लागले आणि असा कागद त्या दिव्याखाली निळसर-पांढरा चमकतो. १९१०च्या म्हणवणाऱ्या फोटोचा कागद चमकला तर विषय तिथेच संपला. उलट मात्र खरं नाही, न चमकणारा प्रत्येक कागद जुना नसतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने बेनच्या प्लेटांच्या उत्तम प्रती सर्वांना खुल्या केल्यात, हे फार चांगलं केलं. पण त्याच प्रती जुन्या पुठ्ठ्यावर छापून विकणारेही निघाले.

आणि चोरी. बोस्टनच्या मायकल मॅकग्रीव्हीचं 'थर्ड बेस' नावाचं मद्यालय होतं, भिंती बेसबॉलच्या फोटोंनी भरलेल्या. दारूबंदी आली, मद्यालय बंद झालं, आणि १९२३ मध्ये त्याने ते फोटो बोस्टन पब्लिक लायब्ररीला देऊन टाकले. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला १९२१ मध्ये बेसबॉलपटू स्पॉल्डिंग यांचा संग्रह मिळाला होता. दोन्ही ठिकाणांहून पुढे कितीतरी फोटो चोरीला गेले. म्हणून मागच्या बाजूला खरवडल्याची खूण, पुसट लंबवर्तुळाची कड किंवा कापून टाकलेला कोपरा दिसला तर घेऊ नका. तिथे बहुधा ग्रंथालयाचा शिक्का होता.

या सगळ्या नोंदींमध्ये एक मोठी पोकळी आहे. कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या संघांची दारं बंद होती तेव्हा त्यांचे स्वतःचे संघ होते, आणि त्यांचे फोटो काढणारेही बहुधा त्यांच्यातलेच. डिरेक्टऱ्या आणि सूच्यांमध्ये या फोटोग्राफरांच्या नोंदी फार तुटपुंज्या. पिट्सबर्गचा चार्ल्स 'टीनी' हॅरिस हा सन्माननीय अपवाद. 'पिट्सबर्ग कुरियर'साठी काम करणाऱ्या हॅरिसच्या जवळजवळ ८०,००० निगेटिव्ह आज तिथल्या कार्नेगी कलासंग्रहालयाकडे आहेत, आणि होमस्टेड ग्रेज, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघांना आपण त्याच्या डोळ्यांनी पाहू शकतो. असे आणखी कितीजण होते, ते शोधण्याचं काम अजून बरंच बाकी आहे. नव्या माणसाने यात उतरायचं तर इथे उतरावं.

जाता जाता आपल्याकडचं एक. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण अशी आपली माणसं त्या काळात फोटो काढत होती. तुमच्या गावच्या घरी आजोबा-पणजोबांचे जे पुठ्ठ्यावरचे फोटो असतील त्यांच्याही मागे स्टुडिओचं नाव आणि पत्ता सापडेल, आणि टाइम्स ऑफ इंडियाच्या जुन्या डिरेक्टऱ्यांमधून त्याचा माग हीच रीत वापरून काढता येतो.

तुमच्या फोटोचं म्हणाल तर असं करा. फोटो पुठ्ठ्यापासून सोडवायला जाऊ नका आणि पुठ्ठा कडेने छाटू नका, त्याची किंमत त्या छापील नावात आहे. मागे पेनाने काही लिहू नका. दोन्ही बाजूंच्या स्वच्छ प्रती काढा, तिरक्या उजेडात एक वेगळी, म्हणजे दाबून उठवलेलं नाव असलं तर दिसेल. गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात सिटी डिरेक्टरी बघायला मागा, बहुतेक ठिकाणी स्थानिक इतिहासाचा विभाग असतो आणि तिथली माणसं उत्साहाने मदत करतात. सदऱ्यावर अक्षरं असतील तर गणवेशांच्या सूच्या आहेत. १९०० नंतरच्यांसाठी मार्क ओकोनेन यांचं १९९१चं पुस्तक पुरेल. अक्षरं नसतील आणि स्टुडिओ लहान गावातला असेल, तर खेळाडू बहुधा गावातल्या गिरणीच्या किंवा कारखान्याच्या संघातला. त्याला बाजारात मोठा भाव येणार नाही, पण त्या गावच्या इतिहास मंडळाला तो फोटो हवाच असेल. भिंतीवर लावायचा मोह झाला तर प्रत फ्रेम करा. मूळ फोटो आम्लरहित पाकिटात, सपाट, तळघराच्या ओलीपासून दूर ठेवा. आणि ग्रंथालयाला किंवा मंडळाला प्रत पाठवाल तेव्हा मागच्या बाजूचीही पाठवा.